तिरपे ऊन आणि डोळ्यातले भिंग

ऊन, गॉगल आणि मोतीबिंदू या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘भिंग’ हा शब्द येतो तेथे डोळ्याच्या आत, बाहुलीमागे असलेले नैसर्गिक भिंग समजावे. चष्म्याच्या भिंगाला ‘काच’ म्हटले आहे, मग ती प्लास्टिकची का असेना.

प्रश्न : उन्हाने रापलेली कातडी महिना-दोन महिन्यांत मूळ रंगावर येते. मग डोळ्यातले भिंग एकदा पिवळे पडले की पुन्हा स्वच्छ का होत नाही? माझे वय 52 आहे. तपासणीत ‘भिंग पिवळसर झाले आहे, मोतीबिंदूची सुरुवात म्हणता येईल’ असे सांगितले आहे.

कातडी मूळ रंगावर येते, कारण रंग चढलेल्या वरच्या पेशी झडून जातात आणि खालून नव्या येतात. भिंगातून काहीच झडून जाऊ शकत नाही, कारण ते एका पारदर्शक पिशवीत बंद असते. प्रौढ माणसात त्याचा व्यास 9 ते 10 मिलिमीटर आणि मध्यावरची जाडी 4 मिलिमीटरच्या आसपास असते. या पिशवीच्या पुढच्या पडद्याला आतून पेशींचा एकच थर चिकटलेला असतो. त्या थराच्या कडेला जन्मभर नव्या पेशी तयार होत राहतात. त्या लांबत जाऊन तंतू बनतात आणि आधीच्या तंतूंवर बसतात. झाडाच्या खोडात वर्तुळावर वर्तुळ चढते तसेच हे आहे: सर्वांत जुना भाग गाभ्यात, सर्वांत नवा कडेला. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. अन्न आणि प्राणवायू भोवतालच्या द्रवातून झिरपत येतो तेवढाच.

आता मुख्य गोष्ट. तंतू पूर्ण पारदर्शक व्हावा म्हणून ती पेशी आपले केंद्रक आणि प्रकाश विखुरणारे इतर घटक मोडून टाकते. केंद्रक गेले की नवे प्रथिन बनवण्याची सोयही गेली. त्यामुळे गाभ्यातली प्रथिने आईच्या पोटात असताना बनली ती अखेरपर्यंत तीच राहतात. याचा पुरावा मोठा विलक्षण आहे. 1950 च्या दशकापासून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले की भिंगाच्या गाभ्यातल्या कार्बनवरून माणसाचे जन्मसाल काढता येते. याच पद्धतीने 2016 मध्ये ग्रीनलंड शार्क माशांची वये मोजली गेली, तेव्हा सर्वांत मोठ्या माशाच्या वयाचा अंदाज 392 वर्षे निघाला, त्यात 120 वर्षे अधिक-उणे धरून.

भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. त्यांना क्रिस्टलिन म्हणतात. त्यांपैकी अल्फा क्रिस्टलिन राखणदारासारखे काम करते: एखाद्या शेजारच्या प्रथिनाची घडी विस्कटली की त्याला धरून ठेवते, गुठळी होऊ देत नाही. पण गाभ्यात हा राखणदार नव्याने भरती होत नाही. मध्यमवयापर्यंत तिथला साठा बराचसा खर्च झालेला असतो, आणि मग विस्कटलेली प्रथिने एकमेकांना चिकटू लागतात.

तुमच्या तपासणीबद्दल : पन्नाशीनंतर भिंग थोडे पिवळसर दिसणे जवळजवळ सर्वांत आढळते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही; ती ठरते तुमच्या रोजच्या कामात किती अडचण येते यावरून. घरच्या घरी लक्ष ठेवायचे तर तीन गोष्टी पाहा. गडद निळा आणि काळा मोजा एकाच दिव्याखाली वेगळे ओळखू येतात का? रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती किरणांचा फुलोरा दिसतो का? आणि वाचायचा चष्मा अचानक लागेनासा झाला का? ही तिसरी गोष्ट लोकांना आनंदाची वाटते, पण तो बहुधा गाभा घट्ट होत चालल्याचा परिणाम असतो. भिंगाची ताकद वाढते आणि लांबचा नंबर उणे बाजूला सरकतो.

प्रश्न : ऊन भिंगाचे नेमके काय करते? सगळे मोतीबिंदू उन्हामुळेच होतात का?

सगळे नाही. वय हे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज मधुमेह, धूम्रपान, स्टेरॉइडची औषधे, डोळ्याला लागलेला मार हीही कारणे आहेत. ऊन त्यांपैकी एक, पण आपल्या हातात असलेले.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट करतात. 280 नॅनोमीटरच्या खालचे यूव्ही-सी जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, ओझोन ते अडवतो. 280 ते 315 हे यूव्ही-बी आणि 315 ते 400 हे यूव्ही-ए. डोळ्यावर पडल्यावर साधारण 300 च्या खालचे किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, शोषून घेतो. 300 ते 400 मधले बहुतेक किरण भिंगात अडतात. प्रौढ डोळ्यात मागच्या दृष्टिपटलापर्यंत त्यातला अगदी किरकोळ अंश जातो. म्हणजे भिंग प्रकाश एकवटण्याबरोबर दृष्टिपटलाची ढालही बनते.

ही ढाल बनते ती भिंगातल्या काही लहान रेणूंमुळे. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून भिंग स्वतःच ती द्रव्ये तयार करते. त्यांना किन्युरेनिन म्हणतात. 365 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण ती शोषतात आणि ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपात सोडून देतात. तरुण भिंगात यांचे काम चोख चालते. पुढे मध्यमवयात गाभा आणि बाहेरचा भाग यांच्यामधली ये-जा मंदावते. ग्लुटाथायोन हे भिंगाचे मुख्य संरक्षक रसायन गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अशा वेळी हीच किन्युरेनिन द्रव्ये मोडतात आणि क्रिस्टलिनला कायमची चिकटून बसतात. पिवळा-तपकिरी रंग यातून येतो. गाळणीच डागाळते म्हणा ना. शिवाय चिकटलेली ही द्रव्ये यूव्ही-ए पडल्यावर स्वतः घातक प्राणवायूरेणू निर्माण करू शकतात.

तरीही एक भेद लक्षात ठेवायला हवा. गाभ्याचा मोतीबिंदू आणि ऊन यांचा संबंध अभ्यासांत तितकासा ठाम दिसलेला नाही. ठाम संबंध दिसतो तो कडेच्या, म्हणजे कॉर्टिकल मोतीबिंदूशी. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात मासेमारी करणाऱ्या 838 जणांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने कोणत्या वयात किती तास पाण्यावर काढले, टोपी किंवा चष्मा वापरला का, हे विचारून डोळ्यावर पडलेल्या यूव्ही-बीचा आयुष्यभराचा हिशेब मांडला होता. हा साठलेला हिशेब दुप्पट झाला की कडेच्या मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होत होता. गाभ्याच्या मोतीबिंदूशी तसा संबंध निघाला नाही.

असे का, तर यूव्ही-बी प्रथम गाठते ती पुढच्या पडद्याला चिकटलेली पेशींची एकेरी रांग. या पेशी सतत सोडियम बाहेर फेकून भिंगातले पाणी प्रमाणात ठेवतात. त्यांच्या डीएनएला इजा झाली की पंप ढिला पडतो, तंतूंमध्ये पाणी आणि कॅल्शियम शिरते, तंतू फुगतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे पाचर कडेकडून मध्याकडे सरकू लागतात. बाहुली लहान असते तोवर ते आड राहतात. म्हणून माणूस दिवसा ‘मला स्वच्छ दिसते’ म्हणतो आणि रात्री बाहुली मोठी झाली की त्याला दिव्यांचा त्रास सुरू होतो.

प्रश्न : मी मैदानावर मुलांना खेळ शिकवतो. दुपारी 12 ते 2 गॉगल लावतो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन कोवळे म्हणून लावत नाही. हे बरोबर आहे ना?

कातडीच्या बाबतीत बरोबर. डोळ्याच्या बाबतीत मात्र घड्याळ वेगळे चालते, आणि हीच गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भुवईचे हाड आणि वरची पापणी डोळ्यावर छत्री धरतात. शिवाय डोळे आपोआप किलकिले होतात. जपानमध्ये पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी संवेदक बसवून दिवसभर यूव्ही-बी मोजली, तेव्हा सूर्याकडे तोंड असताना सर्वाधिक मात्रा भर दुपारी नव्हती. ती सूर्य क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर असताना होती. हिवाळा सोडला तर ती वेळ सकाळी 8 ते 10 आणि दुपारी 2 ते 4 या टप्प्यांत येत होती. तुमच्या ठिकाणी ती थोडी मागे-पुढे असेल.

ओळखायची सोपी रीत म्हणजे सावली. 40 अंशांवर सूर्य असतो तेव्हा सावली उंचीच्या सुमारे 1.2 पट पडते. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली 190 सेंटिमीटर असेल तर ती वेळ डोळ्यांसाठी दुपारपेक्षा जपण्याची. सावली उंचीच्या दुपटीहून लांब झाली, म्हणजे सूर्य 27 अंशांच्या खाली आला, की हवेच्या जाड थरातून येताना यूव्ही-बी खूपच गळलेली असते. कोवळे ऊन म्हणायचे ते खरे हे.

दुसरा धोका बाजूने. कानशिलाच्या दिशेने आलेला तिरपा किरण पारपटलाच्या कडेवर पडतो, तिथे वळतो आणि समोरच्या, म्हणजे नाकाच्या बाजूच्या कडेवर एकवटतो. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी 1990 च्या दशकात हे गणित मांडले. पारपटलाच्या नाकाकडच्या कडेला प्रकाशाची तीव्रता 20 पटींपर्यंत वाढू शकते. बुबुळावर चढणारा मांसल पडदा, टेरिजियम, बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूने का सुरू होतो आणि कडेचा मोतीबिंदू भिंगाच्या खालच्या, नाकाकडच्या चतुर्थांशात जास्त का दिसतो, याचा उलगडा यातून बराचसा होतो. नाक त्या बाजूला सावली देते, तरी!

तुमच्यासाठी व्यवहार असा : मैदानावर असाल तोपर्यंत, सावली उंचीच्या दुपटीपेक्षा आखूड असेल तर टोपी आणि गॉगल दोन्ही. टोपीची कड सगळीकडून 7 ते 8 सेंटिमीटर रुंद हवी. फक्त पुढे झडप असलेली टोपी कानशिलाकडचे ऊन अडवत नाही. चांगल्या काठाची टोपी डोळ्यावरची मात्रा साधारण निम्म्यावर आणते, पण खालून परावर्तित होणारे किरण तिला अडवता येत नाहीत. गवत आणि माती 10 टक्क्यांहून कमी यूव्ही परत फेकतात, कोरडी वाळू 15 टक्क्यांच्या आसपास, समुद्राचा फेस 25, आणि ताजा बर्फ 80 टक्के किंवा जास्त. म्हणून बर्फावर टोपी असूनही काही तासांत पारपटल भाजते. डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग, पाणी, उजेड सहन न होणे. ते दोन-तीन दिवसांत भरून येते. भिंगाचे तसे होत नाही. उंचीवर प्रत्येक 1000 मीटरला यूव्ही 10 ते 12 टक्के वाढते, आणि पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत आरपार येते, हेही जमेस धरा. शक्य असेल तेव्हा उभे राहण्याची दिशा बदला: सूर्य पाठीशी ठेवून शिकवा. मात्र मग मुलांच्या डोळ्यांवर ऊन येते. मध्यम तोडगा म्हणजे दोघांनाही सूर्य बाजूला पडेल असे उभे राहणे आणि टोपी सगळ्यांनी घालणे.

प्रश्न : गॉगल निवडताना नेमके काय पाहायचे? काच जितकी काळी तितकी चांगली असे दुकानदार सांगतात. पोलराइज्ड असेल तर यूव्हीपासून संरक्षण मिळतेच, असेही सांगतात.

दोन्ही विधाने चुकीची आहेत. काळेपणा म्हणजे दिसणारा प्रकाश किती अडतो ते. अतिनील अडवणे हा काचेच्या द्रव्याचा किंवा त्यात मिसळलेल्या शोषकाचा गुण आहे, आणि तो रंगहीन काचेतही असू शकतो. पोलराइज्ड पडदा पाण्यावरून किंवा रस्त्यावरून येणारी चकाकी कापतो. तो दृष्टीच्या सोयीचा आहे, यूव्हीशी त्याचा थेट संबंध नाही. उलट काळी पण यूव्ही न अडवणारी काच उघड्या डोळ्यापेक्षा वाईट ठरू शकते. काळोखामुळे बाहुली रुंदावते, डोळे किलकिले होत नाहीत, आणि दारे सताड उघडी असताना यूव्ही आत जाते.

लेबलवर दोन गोष्टी शोधा. पहिली ‘यूव्ही 400’, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवल्याचा दावा. युरोपीय मानकात यूव्हीची हद्द 380 धरली आहे. त्यामुळे नुसते सीई हे युरोपीय चिन्ह असेल तर 380 ते 400 या पट्ट्याची खात्री मिळत नाही. दोन्ही असतील तर उत्तम. दुसरी गोष्ट म्हणजे गडदपणाचा वर्ग, 0 ते 4. आयएसओ 12312-1 या मानकानुसार वर्ग 2 ची काच 18 ते 43 टक्के प्रकाश आत सोडते, वर्ग 3 ची 8 ते 18 टक्के, वर्ग 4 ची फक्त 3 ते 8 टक्के. भर उन्हाला वर्ग 3 पुरतो. वर्ग 4 हा हिमनदी आणि उंच डोंगरांसाठी. तो घालून गाडी चालवायची नाही. रात्री तर रंगीत काचच नको, ‘नाइट ड्रायव्हिंग’चा पिवळा चष्मासुद्धा नको.

द्रव्याचे म्हणाल तर पॉलिकार्बोनेट आपल्या गुणानेच सुमारे 380 पर्यंत अडवते. चष्म्याचे साधे सीआर-39 प्लास्टिक शोषक न मिसळता 350 च्या पुढे गळू लागते. खरी काच यूव्ही-बी अडवते पण यूव्ही-ए बरीच आत सोडते.

तपासणीसाठी बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत यूव्ही मीटर असतो. काच मध्ये धरून किती टक्के आरपार जाते ते पाहता येते. घरी 365 नॅनोमीटरची विजेरी असेल तर अंधाऱ्या खोलीत झकपक पांढऱ्या छपाईच्या कागदावर तिचा झोत टाका. कागद निळसर उजळेल. मग मध्ये काच धरा. उजळणे पूर्ण थांबले तर 365 च्या आसपासचे किरण अडले. येथे दोन चुका हमखास होतात. स्वस्तातली जांभळी विजेरी बहुधा 395 ची असते, तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. आणि 365 ची चाचणी 380 ते 400 बद्दल काहीच सांगत नाही, म्हणून ‘पास’ म्हणजे यूव्ही 400 नव्हे. विजेरीच्या झोतात पाहू नका, कोणाच्या चेहऱ्यावर धरू नका.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग : बसवणे. चांगली काच आणि ढिला साचा (फ्रेम) यांचा उपयोग अर्धाच. चष्मा कपाळापासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुढे सरकला तरी वरून आणि बाजूंनी आत येणारी यूव्ही कितीतरी पट वाढते. आरशासमोर उभे राहा, चष्मा घाला आणि मान न हलवता बाजूला पाहा. साच्याची काडी जिथे काचेला मिळते तिथून उजेडाची पट्टी दिसत असेल तर त्याच वाटेने वर सांगितलेले तिरपे किरण येणार. काडी रुंद असावी किंवा साचा कानशिलाकडे वळलेला. वरची कड भुवईला टेकत आलेली असावी, पण पापण्या काचेला घासता कामा नयेत. नाकावरून घसरत असेल तर नाकाच्या गाद्या आवळून घ्या.

एक बारकावा मुद्दाम सांगतो. आपल्या पाठीमागून आलेले ऊन काचेच्या आतल्या बाजूवर पडते आणि उलटून डोळ्यात जाते. चकाकीरोधक लेपांपैकी काही लेप दिसणारा प्रकाश परतवत नाहीत, पण यूव्ही मात्र चांगलीच परतवतात. म्हणून नव्या चष्म्यावर असा लेप घेत असाल तर ‘आतल्या बाजूचा लेप यूव्ही परतवत नाही ना’ हे स्पष्ट विचारा. सूर्य पाठीशी ठेवूनही टोपीची मागची कड उपयोगी पडते ती यासाठीच.

प्रश्न : मला नंबरचा चष्मा आहे आणि दिवसभर गाडी चालवतो. ऊन पाहून रंग बदलणाऱ्या काचा घेतल्या, पण गाडीत त्या काळ्या होतच नाहीत. काचा सदोष आहेत का?

नाहीत. त्या काचा काळ्या होतात त्या यूव्ही पडल्यावर. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा दाबलेला असतो आणि तो यूव्ही जवळपास सगळी अडवतो. काचांना काळे व्हायला निमित्तच मिळत नाही. स्वच्छ दिसत असतानाही अशा काचा यूव्ही अडवतातच.

बाजूच्या खिडक्यांचे मात्र तसे नाही. 29 गाड्यांची मोजणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या काचेने सरासरी 96 टक्के यूव्ही-ए अडवली, बाजूच्या काचेने सरासरी 71 टक्के, आणि गाडीगाडीत फरक पुष्कळ होता. म्हणजे तुमच्या दाराकडच्या डोळ्यावर कानशिलाच्या दिशेने यूव्ही-ए येत असते. तुमच्या नंबरच्या काचा यूव्ही अडवत असल्या तरी बाजूची फट उरते, म्हणून रुंद काडीचा साचा घ्या. लखलखाटासाठी वर्ग 2 किंवा 3 ची नंबरची रंगीत जोडी वेगळी ठेवा.

प्रश्न : यूव्ही अडवणारी कॉन्टॅक्ट लेन्स घातली तर गॉगल लागत नाही का?

लागतो. पहिल्या वर्गाची लेन्स यूव्ही-ए किमान 90 टक्के आणि यूव्ही-बी 99 टक्के अडवते, दुसऱ्या वर्गाची 70 आणि 95 टक्के. मऊ लेन्स पारपटलाच्या कडेपलीकडे जाते, त्यामुळे बाजूच्या तिरप्या किरणांना ती चष्म्यापेक्षाही चांगली अडवते. पण पापण्या आणि डोळ्याचा पांढरा भाग उघडाच राहतो. जोडीने वापरली तर मैदानावर काम करणाऱ्यांना फायदा आहे.

प्रश्न : माझी मुलगी 7 वर्षांची आहे. एकीकडे सांगतात, मुलांना बाहेर खेळू द्या, नंबर लागणार नाही. दुसरीकडे सांगतात, लहान मुलांच्या भिंगातून यूव्ही आत जाते. काय करावे?

बाहेर खेळू द्या. रोज दोनेक तास बाहेर राहणाऱ्या मुलांत उणे नंबर लागण्याचे प्रमाण कमी दिसते, आणि तो फायदा मिळतो दिसणाऱ्या भरपूर उजेडामुळे, यूव्हीमुळे नव्हे. उघड्यावर भर उन्हात उजेड 1,00,000 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जातो, झाडाच्या सावलीत काही हजार लक्स असतो, तर घरात बहुधा 500 सुद्धा नसतो. म्हणजे सावलीत, टोपी घालून खेळले तरी घरापेक्षा कित्येक पट उजेड मिळतो.

लहान मुलांच्या भिंगात 320 नॅनोमीटरच्या आसपास एक लहानशी फट असते, त्यातून काही टक्के किरण आत जातात, हे खरे. वय वाढते तशी ती बुजते. म्हणून टोपी सक्तीची ठेवा. बर्फावर, समुद्रकाठी किंवा दिवसभराच्या सहलीत वळणदार साच्याचा, पॉलिकार्बोनेटचा गॉगलही द्या. रोजच्या तासाभराच्या खेळात गॉगलसाठी हट्ट धरू नका, तो खिशात जातो किंवा तुटतो. ‘आयुष्यातले 80 टक्के ऊन 18 वर्षांच्या आत लागते’ हे वाक्य ऐकून घाबरू नका. पुढच्या मोजणीत हा वाटा साधारण पाव भागाइतकाच निघाला. पन्नाशीत टोपी घालायला सुरुवात केली तरी उशीर झाला असे होत नाही.

प्रश्न : मोबाइल आणि संगणकाच्या निळ्या प्रकाशाने भिंग खराब होते का?

नाही. पडद्यातून यूव्ही जवळपास येत नाही, आणि त्याचा निळा प्रकाश उघड्या आकाशाच्या तुलनेत अगदी क्षीण असतो. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचे 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) दिसले नाही. पडद्यासमोर डोळे थकतात ते पापणी कमी लवल्यामुळे आणि जवळच्या अंतरावर सतत रोखून पाहिल्यामुळे.

प्रश्न : चाळिशीचा चष्मा लवकर लागला. उन्हात काम केल्यामुळे असेल का? भिंग स्वच्छ करणारे थेंब किंवा गोळ्या आहेत का?

चाळिशी लागते ती भिंग ताठर झाल्यामुळे. लहान मूल 7-8 सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट पाहते, कारण त्याचे भिंग पटकन फुगीर होते. चाळिशीनंतर ही क्षमता उरते ती पुस्तक हातभर लांब धरण्याइतकीच, आणि साठीला जवळजवळ संपते. हे सावलीत आयुष्य काढणाऱ्यालाही होते. मूळ नंबर अधिकचा असेल तर चाळिशी जरा आधी जाणवते. तुमच्याबाबत ती शक्यता आधी तपासून घ्या.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून जे विकले जाते, त्यात एन-ॲसेटिलकार्नोसिनचे नाव बरेचदा असते. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा उपयोग होतो असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. ल्युटिन आणि झिॲक्सँथिनच्या गोळ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया एकंदरीत कमी झाल्या नाहीत, असे 2013 च्या एरेड्स-2 या मोठ्या चाचणीत दिसले. धूम्रपान सोडणे मात्र नक्की उपयोगी आहे. गाभ्याच्या मोतीबिंदूशी त्याचा संबंध पक्का आहे.

प्रश्न : एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आता त्या डोळ्याने पांढरी भिंत निळसर आणि दुसऱ्याने मळकट पिवळी दिसते. काही चुकले का? कृत्रिम भिंग आहे म्हणजे आता गॉगल नको ना?

काही चुकलेले नाही. इतकी वर्षे पिवळ्या गाळणीतून पाहायची मेंदूला सवय झाली होती. ती गाळणी निघाली. बहुतेकांना काही आठवड्यांत हा निळेपणा जाणवेनासा होतो. दोन डोळ्यांतला फरक मात्र एकेक डोळा झाकून पाहिलात तर दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत दिसत राहील. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी झाली. त्या काळी कृत्रिम भिंग नव्हते (पहिले भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 मध्ये बसवले). नंतर त्यांनाही सगळे निळे दिसू लागले आणि रंगछटा सावरण्यासाठी त्यांनी पिवळसर काचांचा चष्मा वापरला.

आजच्या जवळजवळ सर्व कृत्रिम भिंगांत यूव्ही शोषक मिसळलेला असतो. पिवळ्या छटेची, निळा प्रकाशही थोडा अडवणारी भिंगे मिळतात. पण ती दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचे जास्त रक्षण करतात असे 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात सिद्ध झाले नाही. म्हणून दुसऱ्या डोळ्यात कोणते भिंग बसवायचे हे ठरवताना पहिल्या डोळ्यातल्या भिंगाचा रंग सांगा आणि शक्यतो तसेच घ्या. भिंगाच्या कार्डावर प्रकार लिहिलेला असतो. ते कार्ड जपून ठेवा.

गॉगल तरीही हवा, कारण पापण्या, पारपटल आणि टेरिजियमची जागा पूर्वीइतकीच उघडी आहे. आणि दुसऱ्या डोळ्यात तुमचे मूळ भिंग अजून आहे.

प्रश्न : पांढऱ्या डागांसाठी सोरालेनच्या गोळ्या आणि यूव्ही-ए दिव्याचे उपचार चालू आहेत. गॉगल फक्त दिव्यासमोर लावायचा की नंतरही?

नंतरही. सोरालेन भिंगातही पोहोचते आणि त्यावर यूव्ही-ए पडली की तिथल्या प्रथिनांशी आणि डीएनएशी बांधले जाते. एकदा बांधले गेले की ते भिंगातून बाहेर जात नाही. गोळी घेतल्या क्षणापासून 24 तास, पूर्ण वळणदार आणि यूव्ही-ए अडवणारा चष्मा उजेड असेपर्यंत डोळ्यावर ठेवा. घरात खिडकीजवळ बसलात तरी, कारण खिडकीची साधी काच यूव्ही-ए आत सोडते. अंधार पडल्यावर काढला तर चालेल. रंगहीन पण यूव्ही 400 काचा घेतल्या तर घरात वावरताना अडचण होत नाही. उपचार सुरू होण्याआधी आणि चालू असेपर्यंत दरवर्षी बाहुली मोठी करून भिंगाची तपासणी करून घ्या.